फ्लूच्या मोसमात रुग्णालयातल्या आजारपणाच्या रजेचा खर्च: मोजायचा कसा, कमी करायचा कुठे

प्रश्न थोडक्यात असा: सिंधुदुर्गातल्या ५० खाटांच्या खासगी रुग्णालयात दरवर्षी जुलै ते सप्टेंबर कर्मचारी तापाने पटापट आजारी पडतात. विश्वस्तांचे म्हणणे, आजारपणाच्या रजेवर फार पैसा जातो. तेव्हा पहिल्याच दिवसापासून वैद्यकीय दाखला मागावा, रजेचे नियम कडक करावेत आणि पूर्ण हजेरीला भत्ता सुरू करावा. याने खर्च खाली येईल का? आणि हा खर्च मुळात मोजतात कसा?

याने खर्च खाली येणार नाही, वाढेल. रजेवर असलेल्या माणसाचा पगार हा या हिशोबातला लहान भाग आहे आणि तो वर्षाच्या सुरुवातीलाच बजेटात धरलेला असतो. पैसा खरा जातो तो त्याची ड्युटी दुसऱ्याकडून करून घेण्यात, पुढे ढकललेल्या किंवा दुसरीकडे गेलेल्या रुग्णांत, आणि ताप अंगावर काढून ड्युटीवर आलेल्या माणसामुळे वॉर्डात आणखी दोघे-तिघे पडतात त्यात. विश्वस्तांनी सुचवलेले तिन्ही उपाय नेमके हे शेवटचे कारण वाढवतात.

आधी मोसमाबद्दल. भारतात इन्फ्लुएंझाचा जोर साधारण दोनदा दिसतो: जानेवारी ते मार्च, आणि पावसाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत. कोकणपट्टीवर पावसाळ्यातली लाट जास्त जाणवते, आणि तिच्याच जोडीला डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, शेतातल्या चिखल-पाण्यातून होणारा ताप) असतात. शिवाय जुलैत लावणी, ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती. त्यामुळे जुलै ते सप्टेंबरच्या मस्टरवर ‘आजारी’ म्हणून जेवढ्या खुणा आहेत त्या सगळ्या फ्लूच्या नावावर टाकल्या तर हिशोब पहिल्या ओळीलाच चुकतो. काही दिवस फ्लूचे असतात, काही दुसऱ्या तापांचे, काही लावणीचे.

म्हणून मोजायची ती वाढ, एकूण आकडा नव्हे. पद्धत सोपी आहे. प्रत्येक महिन्याला ‘आजारपणामुळे न भरलेल्या ड्युट्या भागिले ठरलेल्या एकूण ड्युट्या’ हे टक्क्यात काढा. एप्रिल आणि डिसेंबरसारखे शांत महिने घेऊन त्यांची सरासरी हा तुमचा पाया. मे महिना पायात धरू नका. लग्ने, आंबे-काजू आणि मुलांच्या सुट्ट्या यांमुळे त्या महिन्यातले आजारपण भरवशाचे नसते. मोसमातला टक्का वजा पायाचा टक्का, ही तुमची तापाची वाढ.

आकडे घालून पाहू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तिथे तुमच्या रुग्णालयाचे घाला. ३६ सिस्टर-ब्रदर, प्रत्येकी महिन्याला २६ ड्युट्या, तीन महिन्यांत २,८०८ ड्युट्या. आजारपणात गेल्या ७६, म्हणजे २.७ टक्के. पाया १ टक्का, म्हणजे २८ ड्युट्या एरवीही गेल्याच असत्या. वाढ ४८ ड्युट्यांची; ढोबळमानाने बारा जण, प्रत्येकी चार दिवस.

आता या ४८ चा खर्च. महिना १८,००० पगार असलेल्या सिस्टरवर पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), बोनस, ग्रॅच्युइटी धरून रुग्णालयाचे सुमारे २३,४०० जातात असे समजा. म्हणजे एका ड्युटीला ९००. ४८ ड्युट्यांचे ४३,२००. विश्वस्तांना दिसतो तो हा आकडा. तो वेगळ्या ओळीत लिहा आणि बाजूला ठेवा, कारण ती सिस्टर ठणठणीत असती तरी हे पैसे गेलेच असते.

पुढची ओळ जागा भरून काढण्याची. दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे जादा कामाला दुप्पट दर लागतो. १८,००० भागिले २६ म्हणजे ६९२, दुप्पट केले की एका ड्युटीला १,३८४. ४८ पैकी २४ ड्युट्या डबल ड्युटी लावून भरल्या तर ३३,२१६. चौदा ड्युट्या बाहेरून बोलावलेल्या सिस्टरने १,००० रुपयांनी केल्या तर १४,०००. उरलेल्या दहा रिकाम्याच गेल्या. कागदावर त्यांचा खर्च शून्य, आणि रुग्णासाठी सगळ्यांत महाग याच दहा. चौघींच्या जागी तिघी असल्या की औषध देण्याची वेळ टळते, सलाईन संपल्याचे उशिरा कळते, रात्रीचा रक्तदाब न घेताच चार्टवर भरला जातो. याला रुपये लावू नका, पण ‘रिकाम्या ड्युट्या’ म्हणून संख्या प्रत्येक बैठकीत समोर ठेवा.

तिसरी ओळ बुडालेल्या कामाची, आणि इथे बहुतेक हिशोब फुगतात. रुग्णाचे पूर्ण बिल नुकसान म्हणून धरायचे नाही. औषधे, साहित्य, जेवण, बाहेरून येणाऱ्या डॉक्टरची फी हे सगळे वाचलेलेच असते. ते वजा करून जे उरते तेवढेच धरायचे. दुसरे म्हणजे पुढे ढकललेले ऑपरेशन पुढच्या आठवड्यात तुमच्याकडेच झाले तर ते नुकसान नाही. जो रुग्ण वाट न बघता कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात गेला, तोच मोजायचा. समजा थिएटर सिस्टर आजारी म्हणून दोन दिवसांच्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या, त्यातले तीन रुग्ण कायमचे गेले, प्रत्येकामागे उरले असते १२,०००: झाले ३६,०००. डायलिसिसचा तंत्रज्ञ दोन दिवस नव्हता, बारा सेशन दुसरीकडे गेले, सेशनमागे ५०० रुपये: ६,०००.

बेरीज ८९,२१६. म्हणजे पगाराच्या ४३,२०० च्या दुपटीहून अधिक रक्कम रजेच्या खात्यात दिसतच नाही. ती ओव्हरटाइमच्या, किरकोळ खर्चाच्या आणि कमी आलेल्या उत्पन्नाच्या खात्यांत पसरलेली असते. रजा कमी करण्यात वाचले तर वाचतील या ४३,२०० मधले थोडे. वाढतील ते बाकीचे.

कॉम्प ऑफ (जादा ड्युटीच्या बदल्यात सुट्टी) देऊन ओव्हरटाइमचे पैसे वाचवतो, असे बरीच रुग्णालये सांगतात. पैसे वाचत नाहीत, उधारी होते. ऑगस्टमधल्या चोवीस डबल ड्युट्यांचे चोवीस कॉम्प ऑफ दिवाळीच्या तोंडावर एकदम मागितले जातात, आणि ज्या महिन्यात ताप नाही त्या महिन्यातही वॉर्ड रिकामा पडतो. कॉम्प ऑफ तीस दिवसांत द्या, नाही देता आला तर पैसे द्या.

आता ताण इतका चटकन का येतो ते पाहा. एक जागा वर्षाचे ३६५ दिवस भरायची आहे. एक सिस्टर प्रत्यक्षात किती दिवस मिळते? ५२ साप्ताहिक सुट्ट्या, कायद्याच्या ८ नैमित्तिक रजा, ८ सणांच्या सुट्ट्या आणि वीस दिवस कामामागे एक या हिशोबाने १४ अर्जित रजा काढल्या की उरतात २८३. ३६५ भागिले २८३ म्हणजे १.२९. नर्सिंगच्या मनुष्यबळाच्या हिशोबात ३० टक्के राखीव धरतात ते इथे बरोबर बसते. पण नीट बघा: हे तीस टक्के नेहमीच्या रजांतच संपतात, आजारपणासाठी त्यात एक दिवसही नाही. ज्या रुग्णालयात राखीव पंधरा-वीस टक्के आहे, तिथे दोन सिस्टर एकाच आठवड्यात पडल्या की ड्युटी लिस्ट मोडणारच. त्यात त्या सिस्टरचा दोष नाही. जनरल वॉर्डात सहा खाटांमागे एक आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक हे प्रमाण धरून तुमच्या राखीव जागा आधी मोजा. बरेचदा प्रश्न फ्लूचा नसून तिथलाच असतो.

आता मुख्य मुद्दा: लोक ताप घेऊन ड्युटीवर का येतात.

आठ नैमित्तिक रजा तिमाहीला दोन अशा जमा होतात. त्यातल्या दोन शिमग्याला जातात, एक-दोन मेमधल्या लग्नांना. जुलैत हातात उरतात त्या दोन, आणि त्या गणपतीसाठी राखलेल्या असतात. कोकणात ज्या घरात गणपती आहे त्या घरातल्या सुनेला पहिल्या दिवशी आणि गौरीला रजा नाही असे चालत नाही. मग ५ ऑगस्टला ताप आला तर ती काय करील? पॅरासिटामॉल घेऊन येईल. रजा वाचवण्याचे गणित ती अगदी बरोबर करते. व्यवस्थाच तिला तसे करायला लावते.

ईएसआय लागू असेल (पगार २१,००० पर्यंत आणि तुमचा भाग अधिसूचित असेल तर) तिथेही फ्लूसारख्या छोट्या आजारात फार हाती लागत नाही. आजारपणाचा लाभ सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के मिळतो, पण पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे जातात. महिना १५,००० वाल्या मावशीला (वॉर्डातल्या मदतनीस बाईला) चार दिवसांच्या तापात दोन दिवसांचे ३५० प्रमाणे ७०० मिळतात, बुडतात २,०००. शिवाय जुलै ते डिसेंबरमधला लाभ आधीच्या ऑक्टोबर ते मार्चमधल्या अंशदानावर ठरतो आणि त्यात किमान ७८ दिवस भरलेले लागतात. जी एप्रिलमध्ये लागली, तिला ऑगस्टमध्ये काहीच नाही. हे लोकांना माहीत नसते. दावा नाकारला गेला की ‘रुग्णालयाने पैसे दिले नाहीत’ असा समज होतो. जूनमध्येच प्रत्येकाला तिचा हक्क आहे की नाही ते सांगून ठेवा.

यावर पूर्ण हजेरी भत्ता आणि पहिल्या दिवसाचा दाखला आणाल तर ताप लपवायला आणखी दोन कारणे देता. दाखल्यासाठी ती बाई कुठे जाते? तुमच्याच ओपीडीत, दोन तास रांगेत, गरोदर बायका आणि दम्याच्या म्हाताऱ्यांच्या मध्ये खोकत बसते. फ्लूचा विषाणू लक्षणांच्या एक दिवस आधीपासून पुढे साधारण पाच ते सात दिवस बाहेर पडतो आणि पहिले तीन-चार दिवस सर्वांत जास्त. नेमक्या त्या दिवसांत ती वॉर्डात हवी की घरी, हे ठरवायला हिशोबाचीही गरज नाही.

त्याजागी काय करायचे? ‘ताप रजा’ वेगळी काढा. वर्षाला चार दिवस, पगारी, नैमित्तिक रजेतून न वळणारी, पुढच्या वर्षी न साठणारी. पहिल्या दोन दिवसांना दाखला नाही. इन्चार्ज सिस्टरला फोन पुरे. तिसऱ्या दिवशी आरएमओने (निवासी डॉक्टरने) फोनवर विचारपूस करायची किंवा तपासायचे. पूर्ण हजेरी भत्ता असेलच तर ताप रजा घेतल्याने तो तुटणार नाही असे लेखी काढा. गैरफायदा घेतला जाईल ही भीती विश्वस्त बोलून दाखवतीलच. थोडा घेतला जातोही, विशेषतः लावणीच्या आठवड्यात. त्यावर तोड म्हणजे जुलैत लावणीसाठी दोन-दोन दिवस अर्जित रजा आळीपाळीने आधीच देऊन टाकणे. मागितली की रजा मिळते म्हटल्यावर ताप सांगायची गरज उरत नाही.

परत येण्याचा नियम एकच ठेवा: पॅरासिटामॉल न घेता सलग २४ तास ताप नाही. इथे प्रश्न विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ‘ताप आहे का?’ विचारले की ‘नाही’ येते, कारण सकाळी सहाला गोळी घेतलेली असते. ‘शेवटची गोळी कधी घेतलीस?’ असे विचारा. परतल्यावर लक्षणे सुरू झाल्यापासून सातव्या दिवसापर्यंत, किंवा खोकला थांबेपर्यंत, सर्जिकल मास्क. आणि तोपर्यंत एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), लेबर रूम, डायलिसिस इथे ड्युटी नको.

मात्र ताप म्हणजे फ्लू असे गृहीत धरून घरी पाठवणे कोकणात धोक्याचे आहे. तुमच्या निम्म्या मावशी-मामा सकाळी शेतात उतरून दुपारच्या ड्युटीला येतात. पोटऱ्यांत असह्य दुखणे, डोळे लाल, लघवी कमी: लेप्टो डोक्यात आलाच पाहिजे, आणि तिथे उपचाराला एक दिवसही थांबायचे नाही. सर्दी-खोकला नसलेला ताप असेल तर पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस१, मलेरियाची स्लाइड आणि प्लेटलेट्स करा. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका. वॉर्डातल्या ट्रेमधून स्वतःच गोळी उचलण्याची सवय सगळ्यांना असते, ती बंद करा. चिखलात उतरणाऱ्यांना मोसमात आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन डॉक्टरांच्या सल्ल्याने, गरोदर बाई सोडून. जानेवारी ते मार्चच्या लाटेत दोडामार्ग-सावंतवाडीकडचा, काजूच्या बागेत जाणारा कर्मचारी तापाने पडला तर माकडतापाची चाचणीही करायची. २०१६ पासून तो तिथे आहे. कर्मचाऱ्यांसाठी या तपासण्या फुकट ठेवा. एका लेप्टोच्या रुग्णाला आयसीयूत जायला लागले तर त्या सगळ्या तपासण्यांहून जास्त खर्च एका दिवसात होतो, आणि एक माणूस महिनाभर ड्युटीवर नसतो.

हॉस्टेल हा दुर्लक्षित भाग. एका खोलीत चौघी, पावसामुळे खिडक्या बंद, दोरीवर ओले कपडे, एकच बाथरूम. एकीला फ्लू झाला की एक ते चार दिवसांत बाकीच्या पडतात, आणि त्या बहुधा एकाच वॉर्डातल्या असतात, कारण एकत्र नेमणूक झालेल्या मुलींना एकत्र खोली दिलेली असते. दोन गोष्टी करा. जूनमध्ये दोन खाटांची एक खोली आजाऱ्यांसाठी रिकामी ठेवा. जेवण खोलीत, बाथरूम वेगळे. आणि एका खोलीत वेगवेगळ्या वॉर्डांच्या मुली राहतील अशी वाटणी करा, म्हणजे एक खोली पडली तरी एक वॉर्ड पूर्ण पडणार नाही. याला जवळजवळ खर्च नाही आणि परिणाम लवकर दिसतो. ड्युटी रूमचेही तसेच: नाईटच्या दोघी एकच चादर-उशी आळीपाळीने वापरतात. प्रत्येकीला स्वतःची चादर, आणि हँडओव्हर एसीच्या बंद खोलीत दाटीने न करता वॉर्डात खाटेपाशी.

जागा भरून काढायला माणसे आणायची कुठून? मुंबई-पुण्यात एजन्सीला फोन केला की संध्याकाळी सिस्टर मिळते. इथे पावसात दरड कोसळून घाट बंद असेल तर कोल्हापूरहून येणारी सिस्टर घाटाच्या वरच अडकते. म्हणून यादी गावातली हवी: निवृत्त सिस्टर, लग्न होऊन नोकरी सोडलेल्या, मुले मोठी झाल्यावर आठवड्यात दोन ड्युट्या करायला तयार असलेल्या. सहा ते आठ नावे, शक्यतो दहा किलोमीटरच्या आत. रात्री आठच्या ड्युटीला एसटी मिळणार नाही, तेव्हा आणण्या-पोचवण्याची गाडी ठरलेली. मे महिन्यात प्रत्येकीची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना ते बघा, हिपॅटायटिस बीची लस झाली आहे ना ते विचारा, आणि दोन ड्युट्या पगार देऊन करून घ्या. हे न करता जुलैत थेट बोलावले तर क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या औषध-साहित्याची गाडी) कुठे, संगणकात औषधांची मागणी कशी टाकायची, हे शिकवण्यात तुमच्या कायमच्या सिस्टरची अर्धी ड्युटी जाते आणि वॉर्डात दोघी असून कामाला एकच राहते. नोंदणी न झालेल्या नवशिक्या मुलींना रात्री एकटीवर वॉर्ड सोपवू नका, कितीही अडचण असली तरी.

जागा कमी पडली की शेजारच्या वॉर्डातून एक सिस्टर उचलून आणणे ही सगळ्यांची सवय. फ्लूच्या मोसमात हीच सवय ताप एका वॉर्डातून दुसऱ्यात नेते, कारण उचललेली सिस्टर स्वतः लागण होऊन अजून लक्षणे न आलेली असू शकते. नियम ठेवा: एका वॉर्डात ७२ तासांत दोन कर्मचारी तापाने पडले की त्या वॉर्डातून कुणालाही दुसरीकडे पाठवायचे नाही. त्या वॉर्डात सगळ्यांना मास्क, भेटायला येणारा एका वेळी एकच, आणि नवा ताप-खोकला आलेल्या प्रत्येक रुग्णाकडे फ्लू म्हणून पाहायचे. गरोदर, वयस्क, मधुमेही, दम्याच्या रुग्णांना तपासणीची वाट न पाहता ओसेल्टामिविर (फ्लूचे औषध) सुरू करायचे, प्रौढांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, मूत्रपिंड बिघडलेले असेल तर मात्रा कमी. लक्षणांच्या पहिल्या ४८ तासांत दिले तर उपयोग जास्त. ठणठणीत तरुण सिस्टरला साध्या फ्लूत ते लागेलच असे नाही.

सगळ्या जागा सारख्या नसतात. जनरल वॉर्डात एक सिस्टर कमी झाली तर काम ओढाताणीने चालते. डायलिसिसचा तंत्रज्ञ, थिएटरची स्क्रब सिस्टर, लॅबमधला रात्रीचा माणूस, एक्स-रेवाला: या एकट्या माणसावर उभ्या असलेल्या जागा आहेत. डायलिसिसच्या रुग्णाला ‘चार दिवसांनी या’ सांगता येत नाही. त्याला आठवड्यात दोन-तीनदा बसावेच लागते, आणि पुढचे केंद्र पावसातल्या रस्त्याने दीड-दोन तासांवर असू शकते. एप्रिलमध्ये अशा जागांची यादी करा आणि प्रत्येकीसमोर दुसरे नाव लिहा. नाव लिहिता आले नाही तर तिथेच आधी पैसा घाला: दुसऱ्या माणसाला शिकवा, किंवा जवळच्या रुग्णालयाशी तंत्रज्ञ उसना देण्या-घेण्याचे लेखी ठरवा.

आता लस. विश्वस्तांना ‘लसीने खर्च भरून निघतो’ असे सांगू नका, कारण वरच्या हिशोबात तो निघत नाही. ३६ जणांना प्रत्येकी १,३०० धरले तर ४६,८००. तापाच्या बारा जणांपैकी निम्म्यांना खरा फ्लू होता असे धरा. विषाणूशी जुळणी चांगली असलेल्या वर्षी लस ४० ते ६० टक्के संरक्षण देते. म्हणजे सहापैकी तिघे वाचले, बारा ड्युट्या वाचल्या, ८९,००० चा चौथा हिस्सा, सुमारे २२,०००. लस घ्यायची ती रुग्णांसाठी. नवजात बाळ, केमोथेरपीचा रुग्ण, डायलिसिसवरचा म्हातारा यांना फ्लू देणारा कर्मचारी तुमच्या रुग्णालयात असू नये, हे कारण पुरेसे आहे आणि ते तसेच मांडावे. सगळ्यांसाठी पैसे नसतील तर क्रम असा: कॅज्युअल्टी, आयसीयू, एनआयसीयू आणि लेबर रूम, डायलिसिस, वर सांगितलेल्या एकट्या जागा, आणि गरोदर कर्मचारी; निष्क्रिय (मृत विषाणूची) लस गरोदरपणात कोणत्याही महिन्यात चालते. मावशी-मामांना आणि कंत्राटी सफाईवाल्यांना वगळू नका. ते रोज सगळ्या वॉर्डांत फिरतात, सिस्टर फिरत नाही.

लस मेच्या पहिल्या पंधरवड्यात द्या. प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. खोक्यावर कोणत्या मोसमाची लस आहे आणि मुदत कधीची, ते वाचून घ्या. आधीच्या हंगामाचा उरलेला साठा स्वस्त मिळतो म्हणून उचलू नका. दंडाच्या स्नायूत ०.५ मिलिलिटर. साठवण २ ते ८ अंशांत, आणि इथेच घोटाळा होतो. वळवाच्या पावसात वीज तासन्‌तास जाते. ओपीडीच्या साध्या फ्रीजमध्ये, दारातल्या कप्प्यात ठेवलेली लस गरम होते, किंवा वीज आल्यावर कुणीतरी फ्रीज पूर्ण ‘कूल’वर करतो आणि मागच्या भिंतीला टेकलेली लस गोठते. गोठलेली लस फेकायची. हलवून बघण्याची चाचणी फक्त ॲल्युमिनियमयुक्त लसींसाठी असते, फ्लूच्या नेहमीच्या लसीला ती लागू नाही. मधल्या कप्प्यात ठेवा, थर्मामीटर आत, सकाळ-संध्याकाळ नोंद, फ्रीज इन्व्हर्टरवर. त्याहून बरे म्हणजे वितरकाकडून एका वेळी पंचवीस डोस मागवून त्याच दिवशी संपवणे.

गणपतीच्या ड्युटी लिस्टबद्दल एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. लोक दोन गटांत रजा वाटतात: पहिला गट आगमनापासून पाच दिवस, दुसरा गट त्यानंतर. चाकरमानी आलेले, घरात वीस माणसे, आरत्या-भजने बंद माजघरात. लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत ताप येतो, म्हणजे पहिला गट कामावर परतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजारी पडू लागतो. नेमका त्याच दिवशी दुसरा गट रजेवर गेलेला असतो. दोन गटांच्या मध्ये तीन-चार दिवस अंतर ठेवा, त्या दिवसांत नियोजित शस्त्रक्रिया कमी घ्या, आणि बाहेरच्या यादीतल्या सिस्टरना त्याच दिवसांसाठी आधी सांगून ठेवा. लिस्ट जुलैत लावा. गेल्या वर्षी ज्यांनी आगमनाच्या दिवशी ड्युटी केली त्यांना या वर्षी तो दिवस मिळालाच पाहिजे. हे पाळले नाही तर कुठलीही ताप रजा टिकणार नाही.

सरकारी रुग्णालयात हिशोब थोडा वेगळा. तिथे नैमित्तिक रजेशिवाय वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते आणि वैद्यकीय दाखल्यावर तीच दुप्पट दिवस खर्ची टाकून पूर्ण पगाराची परिवर्तित रजा म्हणून घेता येते, त्यामुळे कायम कर्मचाऱ्याला ताप अंगावर काढायचे कारण कमी. कारण उरते ते कंत्राटी कर्मचाऱ्यांना, आणि तेच बहुधा कॅज्युअल्टी, लॅब आणि एनआयसीयूत असतात. तिथला खर्च रुपयांत कमी दिसतो. दिसतो तो पुढे पाठवलेल्या रुग्णांत. तेव्हा ‘मनुष्यबळ नाही म्हणून पाठवले’ अशी वेगळी खूण रेफरलच्या रजिस्टरमध्ये करा, नाहीतर जागा मागताना दाखवायला काहीच नसते.

नोंदीसाठी एक साधा तक्ता पुरतो आणि तो मेट्रनकडे असावा, हिशोबनिसाकडे नव्हे: नाव, विभाग, हॉस्टेलची खोली, तापाचा पहिला दिवस, त्याआधीची शेवटची ड्युटी कोणत्या वॉर्डात, निदान काय निघाले, जागा कशी भरली (डबल ड्युटी, बाहेरची सिस्टर, दुसऱ्या वॉर्डातून, रिकामी), परत कधी. रोज सकाळच्या राउंडआधी पाच मिनिटे. खोली आणि शेवटचा वॉर्ड हे दोन रकाने वगळू नका. ताप कुठून कुठे जातो आहे ते त्यांतूनच दिसते. जूनपासून सप्टेंबरअखेर तो भरला की ऑक्टोबरमध्ये वरच्या तिन्ही ओळींचे तुमचे स्वतःचे आकडे हातात असतील. जानेवारीपासून तोच तक्ता पुन्हा सुरू करा. बाहेरच्या यादीतल्या सिस्टरना डिसेंबरमध्ये एकेक ड्युटी द्या, म्हणजे त्या वॉर्ड विसरणार नाहीत.